अप-डाऊन आणि शेजवान

आम्ही दोघंही रोज अप-डाऊन करणारी माणसं. बीडहून मांजरसुंबा, तिथून पुढे आडरस्त्याचं गाव, आणि संध्याकाळी तसंच परत. प्रवासाचे फोटो काढायचा छंद आहे म्हटलं, की लोक विचारतात, कुठं कुठं जाऊन आलात? काश्मीर? उमरा? आम्ही सांगतो, मांजरसुंबा. मग लोक हसतात.

पण रोजच्या रस्त्यावर कमी काय आहे! पावसाळ्यात घाटावर उतरलेलं धुकं आहे. एस.टी.च्या खिडकीतून बाहेर आलेली पोरांची डोकी आहेत. वाटेत उतरून आत गेलं तर खजाना बावडी आहे. निजामशाहीच्या काळात, १५८२ साली, सलाबतखानानं बांधून घेतलेली. जमिनीखालच्या बोगद्यातून तिचं पाणी शेताला जातं. आमच्याकडे तिचेच पन्नासेक फोटो असतील, प्रत्येकात पाण्याचा रंग निराळा.

हे फोटो काढायचे ते मुळात अम्मींसाठी. गुडघ्यांमुळे त्यांचं बाहेर जाणं बंद झालं, तेव्हापासून दस्तरखान अंथरलं की त्यांचा पहिला प्रश्न, "आज क्या लाए?" म्हणजे भाजीपाला नव्हे, फोटो. दुसरा प्रश्न, "और पकाया क्या?" त्याचं उत्तर आठवड्यातून दोनदा तरी ठरलेलं असतं. चायनीज.

थकून आल्यावर पंधरा मिनिटांत होणारं तिखट जेवण म्हणून आमच्या घरात ते शिरलं हे खरं, पण आणखी एक कारण आहे. गाडीवरचं चिकन अम्मींना चालत नाही. "कौन काटा, कैसा काटा, मालूम नै." शिवाय कढई एकच. तेव्हा घरीच करणं आलं. सोया सॉसवरही त्यांचा बरेच दिवस शक होता. सिरक्याला मात्र लगेच परवानगी मिळाली, कारण सिरका हुजूरना पसंत होता. आम्ही त्यांना सांगितलं, चीनमध्ये शेकडो वर्षांपासून मुसलमान राहतात, शिआनला त्यांची जुनी मशीद आहे, हलालला ते 'चिंगझेन' म्हणतात. अम्मी म्हणाल्या, "तो फिर उनका पकाओ ना, गाडीवाले का काहे को?"

प्रश्न बिनतोड होता. गाडीवरचं मांच्युरियन चीनमधलं नाहीच. ते १९७५च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वांग यांनी तयार केलं, असं सांगितलं जातं. आपल्या शेजवान चटणीचं नाव तेवढं सिच्वान प्रांताचं, चव इथलीच. आम्ही ती करतो ती अशी: रंगाला ब्याडगी आणि तिखटाला लवंगी मिरची गरम पाण्यात भिजवून वाटायची, हात न आखडता लसूण, त्याच्या निम्मं आलं, आणि तेल सुटेपर्यंत मंद आचेवर परतायचं. शेवटी सिरका, मीठ, चिमूटभर साखर. घाई केली की कच्ची मिरची घशात धरते.

सिच्वानच्या जेवणातला खरा जीव तिथल्या मिरीत असतो. ती नुसती तिखट लागत नाही, जिभेला मुंग्या आणते. ती बीडच्या बाजारात कुठून मिळणार? पण कोकणातलं तिरफळ त्याच जातकुळीतलं. आमचे रत्नागिरीकडचे नातेवाईक ते बांगड्याच्या कालवणात घालतात. त्यांनी पुडी पाठवली. बी काढून टाकलं, वरचं टरफल जरासं भाजून खलबत्त्यात कुटलं, चिकनवर टाकलं. अम्मींनी पहिला घास घेतला आणि दोन्ही हातांनी गाल धरले. दुसरा मात्र लगेच घेतला. मिरची दख्खनमध्येही परकीच, पोर्तुगिजांनी आणलेली. चीनमधली तिची पहिली लेखी नोंद १५९१ची, आणि तीही शोभेचं झाड म्हणून. म्हणजे आपली बावडी बांधून झाली तेव्हा सिच्वानचं जेवण बिनमिरचीचंच असणार. त्या दिवशी बावडीचा फोटो आणि मिरचीनं लाल झालेली कढई अम्मींना शेजारी शेजारी दाखवली. तेव्हापासून कढईचाही फोटो निघू लागला. आता मोबाइलमध्ये एक रस्ता, एक कढई, पुन्हा रस्ता, पुन्हा कढई असाच क्रम झाला आहे.

हा क्रम एकदा भलत्याच ठिकाणी उपयोगी पडला. आमच्यापैकी ओढणीवालीच्या हातात मोबाइल असला तर लोक कौतुकानं बघतात. दाढीवाल्याच्या हातात असला तर विचारतात, फोटो कशाला? एका स्टॅण्डवर एका गृहस्थांनी आधी नाव विचारलं, मग ओळखपत्र, मग मोबाइल मागून एकेक फोटो सरकवून पाहिला. बस, घाट, बस, मध्येच कढई. "हे काय?" "शेजवान चटणी." "घरी होते?" आम्ही कृती सांगितली, लसणाच्या प्रमाणासकट. मोबाइल परत मिळाला. कृती सांगताना आमचा आवाज नेहमीपेक्षा मवाळ झाला होता, हे दोघांच्याही लक्षात आलं. घरी त्यावर आम्ही बोललो नाही. अम्मींनाही कळू दिलं नाही. त्या संध्याकाळी त्यांना फक्त कढई दाखवली. "और रस्ता?" त्यांनी विचारलं. बस लवकर मिळाली, असं सांगितलं.

त्यानंतर महिनाभर रस्त्याचे फोटो काढले नाहीत. दिवाळी झाली आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. आमच्या जिल्ह्यात हे दरसालचंच आहे. नवरा-बायकोच्या जोडीला इथं 'कोयता' म्हणतात, माणसांची मोजणी हत्यारावर. मांजरसुंब्याला आमच्या बसशेजारी एक ट्रॉली थांबली होती. पत्रे, गाठोडी, शेळी, आणि सगळ्यांच्या वर पोराला घेऊन बसलेली एक बाई. आमच्याकडे पाहून तीच म्हणाली, "काढा की, ताई." ओढणीवालीनं काढला, दाढीवाल्यानंही काढला. कोणी काही विचारलं नाही.

रात्री हाक्का नूडल्स होत्या. अम्मींनी फोटो मोठा करून पाहिला. बाईच्या पायाशी काळं पडलेलं पातेलं होतं. ते त्यांनी बोटानं दाखवलं आणि विचारलं, "ये आज क्या पकाई होगी?"

ते विचारायच्या आधीच आमची बस सुटली होती.