सायकलीची मान

सायकलीच्या चाकांचे कौतुक सगळेच करतात. घंटी तर पोरासोरांची लाडकी. परंतु हँडलच्या खाली, चिमट्याची नळी जिथे सांगाड्यातून वर येते, त्या मानेकडे कुणाचे लक्ष जात नाही. तिथे वरखाली दोन वाट्या असतात आणि त्यांत छर्ऱ्यांची एकेक माळ. रस्त्याचा प्रत्येक धक्का त्यांना सोसावा लागतो.

गंमत अशी, की चाकाचे छर्रे अखंड फिरत असतात, म्हणून तिथली झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. मानेचे छर्रे मात्र जागच्या जागी. आपण बहुधा सरळच जातो. त्यामुळे ते एकाच ठिकाणी बसून मार खातात, ग्रीस बाजूला सरते आणि वाटीला बारीक खळगे पडतात. मग हँडल मध्यावर आले, की अडकते. सायकलीला जणू सरळ जाण्याची खोड लागते. वळवू म्हटले तरी ती कुरकुरते!

माझ्या वडिलांच्या काळ्या सायकलीला ही खोड होती. तीस वर्षे ते महालातून सीताबर्डीमार्गे सिव्हिल लाइन्समधल्या कचेरीत गेले. 1990 साली निवृत्त झाले. पण दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला डबा अडकवून निघालेच. कचेरीच्या फाटकापर्यंत जात, समोर चहा घेत आणि परत येत. आईने डबा भरणे सोडले नव्हते. तो भरलेलाच परत येई.

दिवाळीआधी सायकल 'ओव्हरऑइलिंग'ला जायची. मूळ शब्द 'ओव्हरहॉलिंग' आहे, हे आमच्याकडे कुणी मानत नाही. आणि तेल-ग्रीस हेच मुख्य असल्यामुळे मला आमचाच शब्द बरोबर वाटतो. मिस्त्रीने मान खोलली, वाटी रॉकेलने धुतली आणि वडिलांपुढे धरली.

"पाहा न जी काकाजी, तीस वर्षं एकाच जागी मार खाल्ला हिनं."

"नवी टाकावी लागेल?"

"काहून जी? वाटी चांगली आहे. थोडी फिरवून बसवतो. छर्रे तेवढे नवे टाकू."

वडील बराच वेळ त्या खळग्यांवरून बोट फिरवीत राहिले.

पुढे आठवडाभर ते सिव्हिल लाइन्सलाच गेले. मग एका सकाळी सातलाच निघाले आणि उन्हे चढल्यावर परतले. "फुटाळ्यावर गेलो होतो," एवढेच म्हणाले. डबा रिकामा होता.

आता घरात माझ्या मुलाची डोंगरी सायकल आहे. सेमिनरी हिल्सच्या चढणीवर तो ती दामटतो. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या काही तरुणांनी जाड टायरांच्या जुन्या सायकली डोंगरावरून सोडल्या, त्यातून ही जात निघाली. उतारावर त्यांचे ब्रेक इतके तापत, की आतले ग्रीस जळून जाई आणि पुन्हा भरावे लागे. म्हणून त्या वाटेचे नावच 'रिपॅक' पडले.

मुलाच्या सायकलीच्या मानेत सुटे छर्रे नाहीत, बंद बेअरिंग आहे. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे ढकलावी. मानेशी खडखड लागली, तर ती ढिली. पुढचे चाक उचलावे. हँडल आपणहून एका बाजूला कलले नाही, तर ती फार आवळलेली. बाजूचे बोल्ट सैल करून आधी वरचा हलक्या हाताने आवळायचा, मग बाजूचे. बहुधा खालचे बेअरिंग आधी जाते, कारण चाकाने उडवलेला चिखल तिथेच बसतो. गेले, की फेकायचे आणि नवे बसवायचे. फिरवून बसवायला आत काही उरलेलेच नसते.

येत्या मार्चात मीही निवृत्त होतो आहे. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हाला नवी सायकल घेऊ या."

मी म्हटले, "नवी नको. आजोबांची काळी जिन्याखाली आहे. तिची वाटी आणखी एकदा फिरवता येईल."