ब्रेडच्या कडा

आमच्या लहानपणी साकोलीत ब्रेड हे आजाऱ्याचं खाणं होतं. ताप उतरला की चहात बुडवलेल्या दोन स्लाइस मिळायच्या. मुलूख भाताचा, इथल्या कृषी संशोधन केंद्रानं वाण काढले तेही 'साकोली-६'सारखे धानाचेच. त्यामुळे घरात मान होता तो गंजाच्या बुडाला धरलेल्या खरवडीला. आजी सराट्यानं ती सोडवायची, वरून मीठ नि तेलाचा थेंब. आम्हा पोरांची त्यावर झोंबाझोंबी चालायची. ब्रेडच्या कडा मात्र बशीत उरायच्या. मग आजी म्हणायची, "खाय बाबू, सारी ताकद तिथंच असते." खरवडीत ताकद असते, असं तिला कधी सांगावं लागलं नाही. जे आपसूक संपतं त्याला कोण औषध म्हणेल?

पुढं पुण्यात शिकायला गेलो, तर सँडविचवाला त्याच कडा सुरीनं सफाचट उडवायचा. त्या वाळवून, भरडून कटलेटला लागायच्या, म्हणजे फिरून पोटातच.

आजीच्या बाजूनं एक साक्षीदार निघाला, २००२ साली. जर्मनीतल्या म्युन्स्टर विद्यापीठात थॉमस हॉफमान आणि सहकाऱ्यांना कडेत प्रोनिल-लायसिन हे अँटिऑक्सिडंट सापडलं, आतल्या गरापेक्षा आठपट. पिठात ते नसतंच, भाजताना तयार होतं. आत ओल असते, त्यामुळे गर शंभर अंशांपुढं फारसा जात नाही. कड सुकते, तापते, आणि तिथं साखर नि अमिनो आम्लं एकमेकांना भिडतात. तांबूस रंग आणि खमंग वास त्यातूनच येतो. पण प्रयोग झाले ते आतड्याच्या पेशींवर आणि उंदरांवर. शिवाय त्याच वर्षी स्वीडनमधून ॲक्रिलामाइडची बातमी आली. तेही त्याच भाजण्यातून होतं, कडेतच जास्त असतं, आणि कर्करोगाच्या संशयितांत त्याचं नाव आहे. भरीला, भाजताना कडेतलं लायसिन हे अमिनो आम्लही थोडं खर्ची पडतं. तंतू म्हणाल तर कडेत नि गरात पीठ एकच. कड कोरडी, म्हणून ग्रॅममागे आकडा जरा वर जातो, एवढंच. काळी पडलेली कड मी खरवडून टाकतो, तांबूस असेल तर चवीसाठी खातो.

फरक पडतो तो पिठानं. परवा साकोलीतल्या दुकानात 'ब्राउन' ब्रेडचं पाकीट उलटून पाहिलं. घटकांत पहिला मैदा, पुढं कॅरॅमल रंग. दुकानदाराला दाखवलं तर म्हणाला, "भाऊ, डॉक्टरनं सांगितलं म्हणून लोक हाच नेतात. पैसेही जास्त देतात."