कुर्डुवाडीचे दोन रूळ

कुर्डुवाडीच्या आवारात एकेकाळी दोन रेल्वे शेजारी शेजारी नांदत होत्या. मुंबई–सोलापूर मार्गाचे रूळ 1676 मिमी अंतरावर, तर बार्शी लाइट या छोट्या रेल्वेचे अवघ्या 762 मिमीवर. इव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने 1897 मध्ये ही छोटी गाडी बार्शीला नेली. 1906 मध्ये ती पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोहोचली. 2000 नंतर तो सगळा मार्ग टप्प्याटप्प्याने रुंद झाला. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या घराच्या वरच्या खोलीत मी तेच जुनं आवार छोट्या आकारात मांडतो आहे आणि सगळ्यात जास्त विचार करावा लागतो तो ट्रॅकचा.

माझं प्रमाण 1:87, म्हणजे एचओ. या प्रमाणात 762 मिमीचे पावणेनऊ मिमी होतात आणि 9 मिमीचा ट्रॅक बाजारात तयार मिळतो. अडचण मोठ्या रुळांची. आपलं ब्रॉडगेज या प्रमाणात 19.3 मिमी भरतं, पण एचओचा तयार ट्रॅक 16.5 मिमीचा असतो, कारण तो युरोप-अमेरिकेतल्या 1435 मिमी गेजसाठी बनवलेला. तीन मिमीने काय बिघडतं, असं पुष्कळांना वाटतं. एकटी ब्रॉडगेज मांडायची असेल तर मीही तयार ट्रॅकच घ्या म्हणेन. पण कुर्डुवाडीत मोठा रूळ लहान रुळाच्या सव्वादोनपट रुंद होता. तयार ट्रॅक शेजारी ठेवले की तो दुपटीलाही पोहोचत नाही. मग बार्शी लाइट लहान दिसत नाही, आणि तिचं लहानपण हाच तर तिचा जीव. म्हणून मोठा मार्ग मी हाताने, 19.3 मिमीवर बांधतो. त्यापायी प्रत्येक डब्याचे आस बदलावे लागतात. ते कष्ट मला मान्य आहेत.

रुळाची उंचीही तितकीच महत्त्वाची. ब्रॉडगेजचा मीटरला 52 किलोचा रूळ 156 मिमी उंच, मॉडेलमध्ये 1.8 मिमी. कॅलथ्रॉपने प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही असं ठरवलं होतं, त्यामुळे त्याला मीटरला जेमतेम 15 किलोचा रूळ पुरला. आणि 9 मिमीच्या बऱ्याच तयार ट्रॅकचा रूळ असतो जवळपास 2 मिमी उंच, म्हणजे मुख्य मार्गापेक्षाही दणकट! तो वापरला तर कॅलथ्रॉपचा सगळा विचारच पुसला जातो. छोट्या मार्गाला मी 1 मिमीचा रूळ लावतो आणि लाकडी स्लीपर स्वतः कापतो. मात्र या रुळावर खोल कडेची चाकं चालत नाहीत, ती रूळ स्लीपरला बसवलेल्या जागी आपटतात. चाकं आधी तपासावीत, रूळ मग आणावा.

धातू निकल-सिल्व्हरच हवा. त्यात चांदी नसते. तांबं, निकल आणि जस्त असतं. पितळ स्वस्त, पण त्यावर चढणारा थर वीज अडवतो. सोलापूरच्या धुळीत रूळ तसेही वरचेवर पुसावे लागतात, त्यात ही भर नको.

इथल्या उन्हाचा मात्र मला उपयोगच होतो. तापमान 30 अंशांनी वाढलं की 90 सेंमीचा तुकडा सुमारे अर्धा मिमी लांबतो. डिसेंबरात रूळ एकमेकांना टेकवून ठोकले तर मे महिन्यात ते वाकडे होतात. म्हणून मी ट्रॅक मे महिन्यातल्या भर दुपारी बसवतो, खोली तापलेली असताना, सांधे एकमेकांना लावून. थंडीत फटी आपोआप पडतात. त्या फटींमुळे दोन रूळ जोडणारी फिशप्लेट सैल होते आणि वीज खात्रीने पुढे जात नाही, तेव्हा प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र वायर जोडायची. खडी पसरण्याआधीच, नंतर डाग द्यायला जागा उरत नाही.