दोन विसा लारी

रविवार, २१ मे २०२३, तिबिलिसी

लेकीच्या मेडिकल कॉलेजला सुट्टी, म्हणून ती मला कोरड्या पुलाच्या बाजारात घेऊन गेली. पुलाखालून कधीकाळी कुरा नदीचा फाटा वाहायचा. तो आटला, नाव तेवढं राहिलं. सोव्हिएत राज्य कोसळल्यावर लोकांनी घरातल्या बश्या, पदकं, दुर्बिणी इथे विकायला मांडल्या, तो बाजार अजून उठलेला नाही.

एका म्हाताऱ्यापुढे नोटांची वही होती. "बोनी, बोनी," म्हणाला. मला वाटलं सकाळची वेळ, बोहनी मागतोय! लेक हसत सुटली. असल्या तात्पुरत्या कागदी पैशाला रशियनमध्ये बॉन म्हणतात, अनेकवचन बोनी. नोटा जमवण्याच्या छंदाला बोनिस्टिका.

त्याने पहिल्यांदा दाखवली ती चाळीस रुबलची 'केरेन्का'. झार गेल्यावर १९१७ साली केरेन्स्कीच्या हंगामी सरकारच्या काळात निघालेली. नंबर नाही, तारीख नाही, सही नाही. यांचे अख्खे ताव छापून यायचे आणि लोक लागतील तेवढ्या कात्रीने कापून घ्यायचे. छत्तीस वर्षं कॅश काउंटरवर काढली मी. असली चिठ्ठी कुणी सरकवली असती तर आधी वॉचमनला हाक मारली असती.

सोमवार, २२ मे

त्याच सरकारच्या अडीचशे रुबलच्या नोटेचा फोटो काढून आणला होता. लेकीने मोठा करून पाहिला. "बाबा, हे स्वस्तिक?" आहेच. दुतोंडी गरुडाच्या मागे, गरुडाच्या डोक्यावरचे मुकुट मात्र काढून टाकलेले. हिटलरचं नाव कुणी ऐकलेलंही नव्हतं तेव्हाची गोष्ट. आमच्या नाशकात उंबऱ्यावर काढतात तसंच, फक्त सुबक.

बुधवार, २४ मे

आज एकटाच गेलो. वहीच्या शेवटच्या पानांत हवी ती सापडली: ट्रान्सकॉकेशियन कमिसारियटची अडीचशेची, १९१८. पेट्रोग्राडमध्ये बोल्शेविक आले, तिकडून रुबल येईनात, तेव्हा तिबिलिसीतल्या या कामचलाऊ सरकारने स्वतःच नोटा छापल्या. पुढून रशियन, मागे जॉर्जियन, आर्मेनियन आणि अरबी लिपीतली अझरबैजानी. आपल्या नोटेवरची पंधरा भाषांची पट्टी आठवली. त्या पट्टीत मराठी कितवी, हे काउंटरवर विचारलं की कॉलेजची पोरंसुद्धा गप्प व्हायची.

म्हाताऱ्याने शेजारची कोरी करकरीत दाखवली, दुप्पट भावाची. जमवणाऱ्यांना तशीच लागते. मला नाही. माझ्या बोटाखालून गेलेल्या नोटा मऊ पडलेल्या, घामट. हीसुद्धा चौघडी करून कुणीतरी बराच काळ अंगावर बाळगलेली, घड्यांवर कागद विरलेला, कोपऱ्यात पेन्सिलीने बेरीज. बेरीज चुकलेली आहे. भाव विचारला तर साठ लारी. लेकीने शिकवलंय: जॉर्जियनमध्ये साठ म्हणजे 'तीन विसा', ऐंशी म्हणजे 'चार विसा'. आजी अंडी अशीच मोजायची.

घेतली नाही. घासाघीस एका बैठकीत संपवायची नसते.

शुक्रवार, २६ मे

आज इथला स्वातंत्र्यदिन. रुस्तावेली रस्त्यावर झेंडे, गर्दी, खांद्यावर बसलेली पोरं. १९१८ साली याच तारखेला जॉर्जिया वेगळा झाला आणि तिघांचं मिळून जे संघराज्य २२ एप्रिलला जाहीर झालं होतं ते मोडलं. दोन दिवसांनी अझरबैजान आणि आर्मेनियाही स्वतंत्र. म्हणजे संघराज्य पाच आठवड्यांचं. आमच्याकडे कर्जाचं प्रकरण मंजूर व्हायला याहून जास्त लागायचे.

पण नोट थांबली नाही. संघराज्याच्याही आधीच्या त्या कमिसारियटच्या नावाने इथे छपाई चालूच राहिली आणि सीमेवरून भांडणारे तिघेही शेजारी तोच कागद चालवत होते. जॉर्जियाने स्वतःच्या नोटा १९१९ मध्ये काढल्या. आर्मेनियाची कथा तर बँकवाल्याने वाचावी अशी. तिथे स्टेट बँकेच्या येरेवान शाखेने चेक छापले आणि तेच पैसे म्हणून फिरले. एका शाखेने! आमच्या शाखेला साधा रबरी शिक्का बदलायचा तर वरून परवानगी लागायची.

याच १९१८ साली चांदीच्या टंचाईमुळे इंग्रजांनी निजामाला कागदी नोटा काढू दिल्या. दहाची आणि शंभराची. पुढे त्या आमच्या नाशिकच्या छापखान्यात छापल्या जात. परभणीचे आजोबा निजामाचं संस्थान गेल्यावरही हिशेब सांगताना 'हाली की कलदार?', म्हणजे निजामाचा रुपया की इंग्रजांचा, असं विचारायचे.

रविवार, २८ मे

परवा परतायचं, म्हणून आज सौदा. लेक बरोबर होती. दोन विसांवर तुटला. म्हाताऱ्याने विचारलं, तुम्ही करता काय? कॅशियर होतो म्हटल्यावर एकदम खुलला. स्वतः शाळामास्तर, भूगोलाचा. १९९३ च्या एप्रिलमध्ये इथे कुपोनी आली, सोव्हिएत रुबलच्या जागी वेळ मारून न्यायला, रुबलच्याच बरोबरीने. दोन-अडीच वर्षांत तिची अशी गत झाली की १९९५ च्या ऑक्टोबरात लारी आली तेव्हा दहा लाख कुपोनींना एक लारी मिळाली. "पगार पिशवीत आणायचो," तो म्हणाला, "आणि पावाच्या रांगेत पिशवी रिकामी करायचो." लेकीने भाषांतर केलं, पण 'पिशवी' मला आधीच कळलं होतं, हातवाऱ्यांवरून.

मी पन्नासची नोट दिली. त्याच्याकडे पाचच लारी सुट्ट्या निघाल्या. उरलेल्या पाचांपोटी त्याने रबरबँड लावलेला कुपोनींचा गठ्ठा पुढे केला. वीस आहेत म्हणाला.

अंगठा ओला करून मोजल्या. एकोणीस भरल्या. सवय आहे, सांगून टाकलं. त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, मग पत्र्याच्या डब्यात हात घातला आणि विसावी काढून दिली, दहा लाखांची. १९९५ च्या भावाने बरोबर एक लारी.