न भरणारी जखम

माझे थोरले बंधू नंदुरबार तालुक्यातील एका शाळेत शिक्षक होते. शरीराने धडधाकट, जेवणाचे शौकीन. २०११ सालच्या पावसाळ्यात मात्र ते अर्ध्या भाकरीवरच ताट बाजूला सारू लागले. “पोट भरलं,” एवढेच म्हणत. वहिनींना वाटे, आपल्या हाताची चव गेली. ‘अन्नाचा अव्हेर करू नये’ असा उपदेश मीही दादांना केला. त्याची खंत आजही आहे.

नंदुरबार मिरचीची मोठी बाजारपेठ. शेजाऱ्यांनी साहजिकच मिरचीला दोष दिला. दुर्बीण घालून तपासणीसाठी काढलेल्या पहिल्या तुकड्यात काहीच सापडले नाही. पुढे मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात निदान झाले: जठराचा कर्करोग. वेगळी अशी गाठ नव्हतीच. जठराची भिंतच जाड आणि ताठ झाली होती.

तेथील एका डॉक्टरांनी मला त्यामागचे कारण उलगडून सांगितले. जखम झाली की शरीर ‘वृद्धी घटक’ नावाची प्रथिने सोडते. त्यांचा निरोप मिळताच काही पेशी कोलॅजेनचे तंतू विणून जखम सांधतात आणि मग थांबतात. या रोगात कर्कपेशीच तो निरोप धाडीत राहतात. विणकाम थांबतच नाही. उलट विणणाऱ्या पेशीही वृद्धी घटक सोडून कर्कपेशींना पोसतात. जठर पखालीसारखे कडक होते, घासाला जागा करून देण्यासाठी सैलावत नाही. रोग आतल्या थरांत पसरत असल्याने वरवरच्या तुकड्यातून निसटू शकतो. अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ हॅरल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ साली कर्काच्या गाठींना न भरणाऱ्या जखमा म्हटले होते, ते यासाठीच.

दादांच्या डाव्या हातावर विळ्याचा जुना व्रण होता. लहानपणी ज्वारी कापताना झालेली ती जखम आईने हळद भरून बांधली होती. तीही अशाच कोलॅजेनने सांधली गेली होती. त्यांच्या खाटेशी बसलो असता माझा अंगठा नकळत त्या व्रणावरून फिरे. ज्या कारागिराने हा हात वाचविला, त्यालाच थांबण्याचा हुकूम मिळाला नव्हता.

चार महिन्यांत दादा गेले. वहिनींना मी एवढेच म्हणालो, “तुमच्या हाताची चव गेली नव्हती, त्यांच्या पोटातच जागा उरली नव्हती.” त्या दिवशी त्या प्रथमच मोकळेपणी रडल्या.

वाचकहो, घरातील कुणाचे पोट दोन घासांत भरू लागले, वजन उतरू लागले, तर ताटावरून रागावू नका. त्या माणसाला वेळीच डॉक्टरांकडे न्या.