नानांची स्प्लेंडर आणि कोऱ्या फॉर्मवरची सही

२०१७ सालच्या ३० मार्चला संध्याकाळी मी जळगावात एका शोरूमच्या काउंटरला चिकटून उभा होतो आणि मागून माणसं रेटत होती. आदल्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला होता. १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्या विकायच्या नाहीत. दोन दिवसांत माल संपवायला कंपन्यांनी हजारो रुपयांची सूट काढली आणि जळगाव असो की धुळे, ज्याला गरज होती तो आणि ज्याला नव्हती तोही शोरूमकडे धावला. मी दुसऱ्यांतला होतो.

बाहेर स्टँडवर माझी गाडी उभी होती. म्हणजे नानांची. हीरो होंडा स्प्लेंडर, २००० साली घेतलेली, एमएच-१९. नाना, माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. निवृत्त होईपर्यंत ते याच गाडीवर धरणगाव तालुक्यातल्या शाळांवर गेले. त्यांची एक शंभरपानी वही होती. तारीख, किलोमीटरचा आकडा, काय बदललं, किती पैसे, अशा चार रकान्यांत गाडीचा सगळा इतिहास. ऑइल कधी बदललं ते आठवावं लागायचं नाही, वही उघडली की झालं. २०१३ मध्ये गाडी माझ्याकडे आली, वही त्यांच्याकडेच राहिली. मी ती मागितली नाही. ही पहिली चूक, आणि पुढचं सगळं इथूनच सुरू झालं.

माझं काम बियाणे आणि खतांच्या दुकानांच्या ऑर्डरी घेण्याचं. जळगावहून निघायचं, बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडायचा, मग पाळधी, एरंडोल, पारोळा, फागणे आणि धुळे. एका बाजूचे नव्वदेक किलोमीटर. महिन्याला दोन हजार किलोमीटर सहज व्हायचे. महामार्गाचं चौपदरीकरण रखडलेलं, ट्रकला वाट द्यायला साइडपट्टीवर उतरलं की अंगभर धूळ. ती धूळ एअर फिल्टरवर बसते, फिल्टर फाटला की आत जाते आणि पिस्टनबरोबर बोअर घासत राहते. मे महिन्यात खानदेशात पारा पंचेचाळीसला टेकतो, आणि हवेवर थंड होणाऱ्या या इंजिनात ऑइल मावतं जेमतेम लिटरभर. ते कमी पडलं तर इंजिनाने करायचं काय? मला हे कळत नव्हतं असं नाही. पण ऑइल बदलायचं ते ‘पुढच्या आठवड्यात’ असं चार वर्षं चाललं.

२०१७ च्या फेब्रुवारीत गाडी निळसर धूर मारायला लागली. ॲव्हरेज साठवरून पंचेचाळीसवर आलं. पारोळ्यात एका जुन्या मिस्तरीकडे थांबलो. त्याने प्लग काढून माझ्या हातात दिला. टोक काळं, ओलं, बोटाला तेल लागलं. मग प्लगच्या भोकावर अंगठा दाबून मला किक मारायला सांगितली. अंगठा जेमतेम हलला. चांगल्या इंजिनात हवा अंगठा उडवून लावते. त्याने ऑइलची पट्टी काढून दाखवली, तिच्या टोकाला थेंबभर ऑइल. म्हणाला, “गाडी मरेल नही भाऊ, भुकी शे.”

बोअर-पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, टायमिंग चेन आणि लेथचं काम धरून त्याने साडेसहा हजार सांगितले, आणि दोन दिवस गाडी ठेवायला सांगितली. मार्च अखेर होती, वसुलीचे दिवस होते. दोन दिवस गाडीशिवाय राहणं मला जड वाटलं. त्याच रात्री मी हिशेब मांडला, आणि तो हिशेब आजही मला छळतो, कारण त्यातले आकडे खरे होते आणि हिशेब खोटा होता.

मी लिहिलं: जुनी गाडी पंचेचाळीस देते, नवी साठ देईल. दोन हजार किलोमीटरला अकरा लिटर पेट्रोल वाचेल, म्हणजे महिन्याला साडेआठशे रुपये. शिवाय साडेसहा हजारांचा खर्च टळेल. हप्ता एकवीसशेचा, त्यातले साडेआठशे पेट्रोलमधूनच निघतील. पटलं.

मी आजारी गाडीची तुलना नव्या कोऱ्या गाडीशी करत होतो. तुलना करायची होती ती दुरुस्त केलेल्या जुन्या गाडीशी. बोअर झाल्यावर तीच स्प्लेंडर पंचावन्न देणार होती. मग बचत उरते तीन लिटरची, सव्वादोनशे रुपयांची. आणि त्या सव्वादोनशेसाठी मी चोवीस महिने एकवीसशे भरणार होतो, म्हणजे पन्नास हजारांवर, शिवाय हातातून आधी दिलेले वेगळे. साडेसहा हजार एकदम जातात म्हणून ते डोळ्यांत खुपतात. एकवीसशे गुपचूप खात्यातून कापले जातात, म्हणून ते खर्चच वाटत नाहीत. नोकरी करणाऱ्या, महिन्यावर जगणाऱ्या माणसाची ही फसगत मी नंतर खूप घरांत पाहिली.

तर ३० मार्च. शोरूममध्येच एका टेबलावर जुन्या गाड्या घेणारा माणूस बसला होता. त्याने गाडीला एक फेरी मारली आणि नऊ हजार बोलला. गाडी नानांच्या नावावर होती, म्हणून त्याने फॉर्म २९ आणि फॉर्म ३० च्या प्रती दिल्या. “वडिलांच्या सह्या आणा, बाकी आम्ही भरतो.”

मी रात्री घरी गेलो. नाना जेवून बसले होते. त्यांनी चष्मा लावून फॉर्म वाचले आणि विचारलं, “घेणाऱ्याचं नाव कुठंय?”

“ते लोक भरतात, नाना.”

“पण गाडी जाणार कोणाकडे?”

“ते बघतील. तुम्ही सही करा, उद्या शेवटचा दिवस आहे.”

त्यांनी सही केली. आयुष्यभर मुलांना कोऱ्या कागदावर सही करू नका म्हणून शिकवलेल्या माणसाने माझ्या शब्दावर कोऱ्या कागदांवर सह्या केल्या. उठून वही आणली आणि म्हणाले, “ज्याला देशील त्याला ही दे.” एक्स्चेंजवाल्याने वही उघडूनही पाहिली नाही. मी ती परत घरी आणली.

दोन वर्षं काही झालं नाही. नवी गाडी चांगली चालली, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. २०१९ च्या पावसाळ्यात नानांच्या नावे रजिस्टर पोस्टाने पाकीट आलं. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस. स्प्लेंडरने एका सायकलवाल्याला उडवलं होतं, त्याचा पाय मोडला होता. चालवणारा तिसराच कोणी, त्याच्याकडे लायसन्स नाही. विमा २०१७ मध्येच संपलेला. गाडी त्या टेबलावरून कितीदा हात बदलत गेली ते कळलं नाही, कारण नाव एकदाही बदललं नव्हतं. आरसीवर नाना होते. सामनेवाला क्रमांक एक: नाना.

मला वाटत होतं की गाडी विकली, विषय संपला. वकिलांनी समोर बसवून समजावलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे, राज्यातल्या राज्यात गाडी दिली तर देणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने तीस दिवसांत. आम्ही कळवलं नव्हतं. आणि ६ फेब्रुवारी २०१८ ला नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं होतं की कागदावर ज्याचं नाव तोच मालक. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, तरी जबाबदारी मूळ नोंदणीकृत मालकावर आली. न्यायालयाचं म्हणणं मला आज योग्य वाटतं. अपघातात सापडलेल्या माणसाने भरपाईसाठी गाडीचे पाच-सहा मालक शोधत का फिरावं? त्याचा पाय मोडला होता. चूक आमची होती, म्हणजे माझी.

नाना कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसायचे, धुतलेला शर्ट, मांडीवर पिशवी. पिशवीत ती वही. वकिलांनी सांगितलं होतं की तिचा काही उपयोग नाही, तरी ते आणायचे. सतरा वर्षं गाडी घरात होती, आणि नानांच्या हातून कुणाला ओरखडा गेला नव्हता. शेवटी लोक अदालतीत तडजोड झाली. सत्तर हजार भरले. निम्मे नानांनी ठेव मोडून दिले, माझं ऐकलं नाही. मला ते एक शब्द बोलले नाहीत. साडेसहा हजार वाचवायला निघालेल्या माणसाचा हा हिशेब आहे.

यानंतर मी उलट्या टोकाला गेलो, तेही सांगायला हवं. गाडी कधी बदलायचीच नाही असं ठरवून बसलो, आणि न बदलणं म्हणजेच शहाणपण समजू लागलो. चेन सॉकेट वाजत होतं, मागचा टायर गुळगुळीत झाला होता, ब्रेक लायनर संपत आलं होतं. ‘अजून चालतंय’ म्हणत दिवस काढत होतो. २०२३ च्या जुलैत एरंडोलजवळ पावसात पुढचा ट्रॅक्टर थांबला आणि माझी गाडी थांबली नाही. मागे मुलगी बसली होती. तिच्या कोपराला सात टाके पडले. जुनी गाडी ठेवायची तर तिच्यावर खर्च करायचा, हे नाना वहीत वर्षानुवर्षं लिहीत होते. ठेवणं फुकट नसतं. जो खर्च टाळतो त्याने गाडी ठेवलेली नसते, नुसती वापरलेली असते.

२२ सप्टेंबर २०२५ ला साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्के झाला. पुन्हा गर्दी, पुन्हा एक्स्चेंजच्या पाट्या. माझी गाडी आठ वर्षांची. यावेळी शोरूमच्या आधी मी पारोळ्याला गेलो. तो मिस्तरी आता बसत नाही, त्याचा मुलगा बसतो. दोन दिवस गाडी ठेवली. इंजिन चांगलं निघालं. क्लच प्लेट, दोन्ही टायर, लायनर आणि चेन सॉकेट बदललं, आठ हजारांच्या आत काम झालं. मी गाडी ठेवली. इंजिनातून धातूचा चुरा निघाला असता, क्रँक गेली असती, तर बदलली असती आणि वाईट वाटून घेतलं नसतं. नोंदणीची पंधरा वर्षं भरत आली असती तर फेरनोंदणीचे हजार रुपये, पर्यावरण कर आणि पासिंगचा खर्चही त्याच कागदावर मांडला असता.

गाडी देणाऱ्यांना एक सांगतो. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओची अधिकृत मान्यता लागते, आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना ऑनलाइन फॉर्म २९-सी ने देता येते. ती दिली की पुढची जबाबदारी त्याची. मान्यता आहे का ते विचारा, नसेल तर गाडी तिथे देऊ नका. शेजाऱ्याला, पाहुण्याला, गावातल्या ओळखीच्या पोराला देत असाल तरी घेणाऱ्याचं नाव लिहिल्याशिवाय सही करू नका, आणि आरटीओत स्वतः जा.

आणि ज्यांनी गाडी कधीच देऊन टाकली आहे, दोन वर्षांपूर्वी असो की दहा, त्यांनी आज एमपरिवहन ॲपवर त्या गाडीचा नंबर टाकावा. मालकाच्या नावाची सगळी अक्षरं तिथे दिसत नाहीत, मधे फुल्या असतात. पण स्वतःचं नाव असेल तर तेवढ्यावरूनही ओळखू येतं.