हा पालक कुठला?

शाळेत आयुष्यभर पालकांशी गाठ पडली. निवृत्तीनंतर त्यांची जागा भाजीच्या पालकानं घेतली आहे. आणि खरं सांगते, हा पालक त्या पालकांपेक्षा अवघड आहे. ते निदान विचारल्यावर आपण कुठले ते सांगायचे तरी!

गंमत सोडा. दोन वर्षांपूर्वी आम्ही डोंबिवलीचं घर बंद करून ठाण्याला, घोडबंदर रोडवर मुलाकडे राहायला आलो. चाळीस वर्षांचा संसार हलवला, भांडीकुंडी वाटली, पुस्तकं वाचनालयाला दिली. त्याचं फारसं काही वाटलं नाही. पण पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं, की आपल्याला इथे भाजीवाली नाही!

हसू नका. माझी एक भाची नवऱ्याच्या नोकरीपायी काही वर्षं व्हिएतनामला होती. ती सांगायची, मावशी, बाजारात हिरव्यागार भाजीचे डोंगर असतात, नावं माहीत नसलेल्या पाल्याच्या जुड्या असतात, पण ही कुठून आली, कशावर वाढली, हे विचारायचं कुणाला आणि कोणत्या भाषेत? शेवटी ती दुकानातली वेष्टनातली महाग भाजी आणायची आणि महिन्याच्या हिशेबाला कपाळावर हात मारायची. तेव्हा मला वाटलं होतं, परक्या देशातल्या माणसाचीच ही अडचण. आता डोंबिवलीहून ठाण्याला आले, म्हणजे लोकलनं जेमतेम अर्धा तास, तर माझीही तीच गत!

इथे समोर एक चकचकीत दुकान आहे. थंडगार. पालकाची दहा-बारा पानं प्लास्टिकच्या डबीत, वर 'सेंद्रिय' अशी चिठ्ठी आणि किंमत साध्या जुडीच्या तिप्पट. खाली गेटापाशी एक हातगाडी उभी राहते. तो माणूस हिंदी बोलतो, भाव वाजवी सांगतो, पण माल कुठला विचारलं की एकच उत्तर, "वाशी मार्केट का है, माताजी." टोमॅटो वाशीचे, वांगी वाशीची, शेवळं दिसली तर तीही वाशीचीच म्हणेल! अहो, वाशीला बाजार आहे, शेत नाही.

माझ्या डोंबिवलीच्या भाजीवालीची गोष्ट वेगळी होती. तिची मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून ती मला 'बाई' म्हणायची. पहाटेच्या गाडीनं कल्याणच्या घाऊक बाजारात जायची आणि साडेसातपर्यंत पाटी लावून बसायची. जुन्नर-ओतूरचा माल माळशेज घाटातून मुरबाडमार्गे कल्याणला येतो, नाशिककडचा कसारा घाटातून, हा भूगोल मी मुलांना शिकवला होता खरा, पण मला तो कळला तिच्या पाटीवर. आषाढात मुरबाड-शहापूरकडच्या आदिवासी बायका स्टेशनबाहेर रानभाज्या घेऊन बसत. त्यांच्याकडची शेवळं घ्यायलाही तिनंच शिकवलं. "बाई, सोबत काकडं मागून घ्या, नाहीतर घसा खाजेल."

तर या बाईशी घडलेला एक प्रसंग मी आजवर कुणाला सांगितला नव्हता.

मी निवृत्त होऊन दोनेक वर्षं झाली असतील. सकाळची वेळ. पाटीवर पालकाची एक रास होती, अशी टवटवीत, की पाहूनच जीव निवावा. मी जुडी उचलली. तिनं माझ्या हातातून ती हळूच काढून घेतली आणि खालच्या गोणपाटातून दुसरी, जरा मरगळलेली जुडी काढून दिली. आवाज खाली करून म्हणाली, "तो नका घेऊ बाई. लाइनीवरचा आहे. हा नाशिकचा."

लोकलनं फिरलेल्या माणसाला लाइनीवरचा म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. रुळांलगतची मोकळी जमीन अतिक्रमणातून वाचावी म्हणून रेल्वेनं ती आपल्याच कर्मचाऱ्यांना भाजी लावायला दिली होती. 'अधिक पिकवा' असं त्या योजनेचं नाव. हेतू चांगला, पण पाणी कुठलं? बहुतेक ठिकाणी शेजारच्या नाल्याचं. खिडकीतून कितीतरी वेळा मी पाहिलं होतं, काळ्या पाण्यात डबे बुडवून वाफ्यांवर शिंपताना. सांडपाण्यातले जंतू शिजवल्यावर मरतात. पण कारखान्यांचं पाणी मिसळलं असेल, तर शिसं, कॅडमियमसारखे धातू मातीत साठतात आणि पालेभाजी ते मुळांवाटे शोषून घेते. ते धुऊन जात नाहीत, शिजवून जात नाहीत. आणि वाईट हे, की डोळ्यांना काही कळत नाही. उलट घाट उतरून रात्रभर प्रवास केलेल्या जुडीपेक्षा त्याच सकाळी कापलेली ही जुडी जास्त ताजी दिसते. वाहतुकीचा खर्च नाही म्हणून स्वस्तही.

मी मरगळलेली जुडी पिशवीत टाकली. मनातून सुखावले. आपली माणसं असावीत ती अशी!

तेवढ्यात शेजारी एक तरुण मुलगी येऊन उभी राहिली. कडेवर मूल. तिनं तीच टवटवीत जुडी उचलली, पदराच्या गाठीतून दहा रुपये काढले आणि दिले. भाजीवालीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. आणि मी... सुट्टे पैसे मोजत राहिले.

पस्तीस वर्षं मुलांना 'खरं बोला' म्हणून सांगितलेली मी!

दुसऱ्या दिवशी मीच विषय काढला. म्हटलं, "अगं, मला सांगितलंस, तिला का नाही सांगितलंस?" तिला राग आला नाही. म्हणाली, "बाई, दहाची जुडी मागणाऱ्याला वीसची कुठून देऊ? आणि सगळ्यांनाच सांगितलं तर माझा माल पडून राहील, मी संध्याकाळी काय खाऊ?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं म्हणजे होतं. तिचा प्रामाणिकपणा मला फुकट मिळाला होता आणि त्याची किंमत त्या कडेवरच्या पोरानं मोजली होती. पण हे उत्तर सुचायला मला बरीच वर्षं लागली.

कायदे नाहीत असं नाही. मोनोक्रोटोफॉस नावाचं जहाल कीटकनाशक भाज्यांवर वापरायला २००५ पासून बंदी होती. पण पिकांवर चालतं म्हणून ते बाजारात मिळत राहिलं. जुलै २०१३ मध्ये बिहारमधल्या गंडामन गावच्या शाळेत माध्यान्ह भोजनातून तेच पोटात गेलं आणि २३ मुलं दगावली. ती बातमी वाचून मला रात्रभर झोप लागली नव्हती. शाळेतला डबा, शाळेतली मुलं... असो. सांगायचं एवढंच, की कागदावरची बंदी आपल्या ताटापर्यंत पोचेलच असं नाही.

मग आपण काय करायचं? घरात मी भाजी धुण्याचं व्रत घेतलं आहे. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदांवर प्रयोग झाला होता. दोन कीटकनाशकं लावून पाहिली, तेव्हा खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात १२ ते १५ मिनिटं ठेवल्यावर सालीवरचं औषध साध्या पाण्यापेक्षा चांगलं निघालं. लिटरभर पाण्याला साधारण दोन चहाचे चमचे सोडा. पण त्याच प्रयोगात काही औषध सालीतून आत झिरपलेलंही आढळलं, ते मात्र धुऊन गेलं नाही. म्हणजे धुणं हा अर्धाच उपाय. उरलेला अर्धा म्हणजे विचारणं.

२०१६ मध्ये राज्य सरकारनं फळं-भाज्या बाजार समित्यांच्या नियमनातून मोकळ्या केल्या आणि शेतकऱ्यांचे आठवडे बाजार शहरांतून भरू लागले. त्यांना नाव दिलं संत सावता माळ्यांचं. भाजीच्या मळ्यात ज्यांना विठ्ठल दिसला, त्यांचंच नाव योग्य! ठाण्यातल्या अशा बाजारात मी जाते, जमेल तेव्हा. तिथे पिकवणाराच समोर असतो, त्याला विचारता येतं. पण तो आठवड्यातून एकदा, आणि माझे गुडघे रोज सारखे नसतात. बाकीचे सहा दिवस ती गेटावरची हातगाडीच.

म्हणून मी ठरवलं, विचारायचं. आणि हळू नाही, मोठ्यानं विचारायचं. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा आवाज मला अजून आहे! रोज जायचं आणि विचारायचं, "भैया, पालक कहाँ का है? वाशी नहीं, वाशी से पहले कहाँ का?" सुरुवातीला तो वैतागला. सुनेनं सांगितलं, आई, लोक बघतात. म्हटलं, बघू देत. मग तो स्वतःच बाजारात विचारून येऊ लागला. "गवार जुन्नर की है." "दुधी डहाणू का." खरं-खोटं देव जाणे, पण वाशीच्या मागे काहीतरी असतं हे आम्हा दोघांना मान्य झालं.

गेल्या महिन्यात एका सकाळी मी नेहमीचा प्रश्न विचारला. गाडीभोवती तीन-चार जणी होत्या. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "आज पालक रहने दो, माताजी." सगळ्यांनी ऐकलं. एकीनं हातातली जुडी परत ठेवली.

त्याचा चेहरा उतरला. मला डोंबिवलीची पाटी आठवली. संध्याकाळी काय खाऊ, हा तिचा प्रश्न आठवला. मी दुधी घेतला, गवार घेतली, नको असलेला अर्धा किलो तोंडलीही घेतली. शेजारणीला म्हटलं, तुम्हीही घ्या काहीतरी, आज यानं खरं सांगितलं आहे. ती हसली, पण तिनं भेंडी घेतली.

दोन दिवस आमच्याकडे तोंडलीची भाजी होती. नातू कंटाळला. "आजी, पालक का नाही आणलास?"

त्याला म्हटलं, बस, एक गोष्ट सांगते.